पाचूतली फांदी

सकाळी साडेदहा वाजता धाकट्या सुनेने धुण्याच्या यंत्रातून पाचूची अंगठी बाहेर काढली. पाचूत तडा होता.

आत टाकताना नव्हता. निदान तिला दिसला नव्हता. आता मात्र एका कोपऱ्यातून निघालेली पांढुरकी रेघ थेट मध्यापर्यंत गेली होती आणि तिथे तिला दोन फाटे फुटले होते. पाण्याचा ओघळ असेल म्हणून धाकटीने अंगठी पुसली. फडकं बदलून पुन्हा पुसली. मग डोळ्याला भिंग लावलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. रेघ खड्याच्या वर नव्हती, पोटात होती.

दुकान घरचंच. खाली दुकान, वर बिऱ्हाड. सासऱ्यांना घरातले आणि गिऱ्हाइकं सगळेच आप्पा म्हणत. खडे पारखायचं आणि कोंदणात बसवायचं काम त्यांचं. त्यांच्या दोन्ही मुलांनी खड्यांकडे पाठ फिरवून नोकऱ्या धरल्या, आणि दुकान सुनांनी धरलं. थोरली उत्तरेच्या खिडकीशी बसून मोती ओवायची. धाकटीला खडे बसवायला शिकायचं होतं. तसं तिने लग्नानंतर पहिल्याच वर्षी सांगितलं, तेव्हा आप्पांनी तिच्या हातात ओलं फडकं दिलं होतं आणि आधी मोती पुसायला शिक म्हणून सांगितलं होतं. ती पुसत राहिली. माणसाचा घाम, अत्तर, केसांचा फवारा, सगळं मोत्यावर बसतं आणि त्याचं पाणी उतरवतं, म्हणून अंगावर सगळ्यांत शेवटी चढवायचा आणि सगळ्यांत आधी उतरवायचा तो मोती, हे ती गिऱ्हाइकांना आता झोपेतही सांगू शकली असती. या आठवड्यात कुठे तिला धुण्याचं टेबल मिळालं होतं. इथे हात बसला की खडे बसवायचा चिमटा हातात देतो, असं आप्पा म्हणाले होते.

आणि आज ही रेघ.

धुण्याचं यंत्र म्हणजे एक लहानसं स्टीलचं भांडं. त्यात कोमट साबणाचं पाणी घालून बटण दाबलं की पाणी बारीक थरथरतं आणि कोंदणाच्या फटीत वर्षानुवर्षं बसलेला मळ सुटून येतो. हिऱ्याला ते मानवतं, माणकाला बहुधा मानवतं. मोत्याला नाही आणि पाचूला तर अजिबात नाही. घरात हा नियम कुणी तोंडाने सांगत नसे, कारण त्यासाठी ट्रे होते. निळ्या ट्रेमधलं यंत्रात जायचं, पांढऱ्या ट्रेमधलं हाताने धुवायचं. धाकटीने अंगठी निळ्या ट्रेमधून उचलली होती. खडा हिरवा आहे हे तिला दिसलं होतं, पण ट्रेवर विश्वास ठेवायची सवय डोळ्यांपेक्षा मोठी ठरली.

तिने थोरलीला हाक मारली. थोरलीने मांडीवरचं राखाडी कापड चारी कोपऱ्यांनी उचलून मोत्यांसकट बाजूला ठेवलं आणि उठून आली. अंगठी पाहिली. ट्रे पाहिला. मग शांतपणे म्हणाली, "ही यात मी ठेवली."

झालं असं होतं की तिच्याकडे तीनपदरी हाराचं काम आलं होतं. पांढरा मोती म्हणून जो विकला जातो तो कधीच नुसता पांढरा नसतो. एक गुलाबीकडे झुकतो, एक सायीकडे, एखाद्यात हिरवट छटा असते. ते दिव्याखाली कळत नाही. दिवसाच्या उजेडात राखाडी कापडावर लोळवून बघावे लागतात आणि मग शेजारी शेजारी बसतील असे निवडावे लागतात. शेजार जुळला नाही तर सबंध सर कुरकुरतो, असं थोरली म्हणायची, आणि हे वाक्य ती बहुतेक वेळा धाकटीकडे बघून म्हणायची. या निवडीत घरातले झाडून सगळे पांढरे ट्रे अडकले होते. काल संध्याकाळी अंगठी आली ती तिने तात्पुरती निळ्यात टाकली. सकाळी हलवू म्हणाली आणि विसरली.

यावर दोघींत वाद झाला, पण उलटा. चूक माझी, असं दोघीही हट्टाने म्हणत होत्या. धाकटीचं म्हणणं, ट्रेमध्ये कुणीही ठेवो, बटण मी दाबलं. थोरलीचं म्हणणं, आंधळ्याला खड्ड्याकडे वळवून वर तो पडला म्हणायचं का. आंधळी कुणाला म्हणता, यावर वाद थोडा भरकटला. शेवटी थोरलीने गिऱ्हाइकाला फोन करून उद्या या म्हणावं असं सुचवलं. पण उद्या नव्हतंच.

अंगठी नर्सबाईंची होती. नोकरी संपून काही वर्षं झाली तरी सगळे त्यांना नर्सबाईच म्हणत. त्यांची मुलगी दुसऱ्या देशात राहायला निघाली होती, उद्या सकाळी. आईची अंगठी ती बोटात घालून जाणार होती. फक्त जरा धुऊन, उजळून द्या, एवढंच नर्सबाई काल सांगून गेल्या होत्या. बाराला न्यायला येणार होत्या.

फुटला मोती आणि तुटलं मन सांधत नाही म्हणतात. फुटलेल्या पाचूबद्दल म्हण नाही, पण वेगळं काही होत नसणार, हे धाकटीला ठाऊक होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. थोरलीने मोत्यांचा ट्रे तिच्या हनुवटीखालून ओढून घेतला. "रडायचं तर तिकडे रड. इथे मोती आहेत, त्यांना खारट पाणी चालत नाही."

"समुद्रातूनच आलेत ना," धाकटी नाक पुसत म्हणाली.

"म्हणूनच. सुटून आलेत कसेबसे."

आप्पा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते. परतले ते काळा चष्मा लावून, भिंतीला हात लावत. डॉक्टरांनी थेंब घालून बुबुळं मोठी केली होती. संध्याकाळपर्यंत जवळचं काही दिसणार नव्हतं. खुर्चीत बसले आणि दुकान इतकं गप्प का आहे, असं त्यांनी विचारलं.

धाकटीने उभ्यानेच सगळं सांगितलं. थोरलीने मध्ये ट्रेचं घुसडलं. आप्पांनी हात पुढे केला, अंगठी घेतली, सवयीने भिंग डोळ्याशी नेलं आणि तसंच खाली ठेवलं.

"मला नुसतं हिरवं धुकं दिसतंय," ते म्हणाले. "तू बघ. मी विचारतो."

धाकटी खिडकीशी बसली. आप्पांनी आधी नखाचं विचारलं. रेघ जिथे कडेला येते तिथून नख आडवं फिरव, अडकतं का? अडकत नव्हतं, जेमतेम जाणवत होतं. कड धारदार आहे का? नाही, घासून गुळगुळीत झाल्यासारखी आहे. मग त्यांनी खडा तिरका करून रेघेच्या पोटात बघायला सांगितलं. तिथे काय आहे?

"काही नाही."

"नीट बघ. घाईने काही नसतंच."

तिने श्वास रोखला, कोपर टेबलावर टेकवलं, खडा केसभर वळवला. रेघेच्या पोटात, फाटे फुटतात तिथे, एक पिवळसर तपकिरी डाग होता. सुकलेल्या चहाच्या कपाच्या तळाशी राहतो तसा. थोडं पुढे आणखी एक. तिने तसं सांगितलं.

आप्पा खुर्चीत मागे टेकले. काळ्या चष्म्यामुळे त्यांचा चेहरा कळत नव्हता, पण खांदे खाली आले.

"तडा आत्ताचा असता तर आतून धुतलेल्या काचेसारखा लख्ख असता. त्यात डाग पडायला वर्षं लागतात. ही रेघ जुनी आहे. तुझ्याहून जुनी असेल."

धाकटीचा जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही. जुनी होती तर काल दिसत कशी नव्हती?

तेलामुळे, आप्पा म्हणाले. पाचू जमिनीतूनच भेगा घेऊन येतो. बिनभेगेचा पाचू शोधायचा म्हणजे बिनतक्रारीचं गिऱ्हाईक शोधायचं. म्हणून धंद्यातले लोक त्याला कोमट तेलात ठेवतात. तेल भेगांत शिरतं, रेघा नजरेआड होतात आणि हिरवा रंग एकसंध दिसतो. यंत्रातल्या कोमट साबणाच्या पाण्याने ते तेल ओढून काढलं, एवढंच. फुटलं काही नाही. पुन्हा तेल भरलं की झालं, रात्रभराचं काम.

"हे तुम्ही नर्सबाईंना विकताना सांगितलं होतं?" थोरलीने विचारलं.

आप्पांनी काळा चष्मा नाकावर सारखा केला. म्हणाले, इस्त्री केलेला शर्ट विकताना खाली सुरकुत्या होत्या असं कुणी सांगतं का. सगळेच तेल लावतात.

"मग आज सांगावं लागेल," थोरली म्हणाली आणि मोत्यांकडे परत गेली.

नर्सबाई बाराच्या आधीच आल्या. उभं आयुष्य ड्यूटीवर वेळेआधी पोचण्यात गेलेलं, ते पायांतून जात नव्हतं. आप्पा बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात धाकटीने सुरुवात केली. अंगठी यंत्रात टाकायची नव्हती, मी टाकली. आतलं तेल गेलं आहे. एक जुनी रेघ दिसायला लागली आहे. खडा फुटलेला नाही. हे सगळं तिने एका दमात सांगितलं आणि पांढरा ट्रे पुढे केला. थोरलीने तो मोती उपसून मोकळा करून दिला होता.

नर्सबाईंनी अंगठी उचलली, खिडकीशी नेली आणि उजेडात धरली. बराच वेळ त्यांची पाठ तेवढी दिसत होती. धाकटीने थोरलीकडे पाहिलं. थोरली दोऱ्याला गाठ मारताना हात अर्धवट धरून थांबली होती.

"फांदी," नर्सबाई म्हणाल्या.

मग त्या स्टुलावर बसल्या आणि हळूहळू सांगू लागल्या. पहिल्या बढतीनंतर स्वतःसाठी म्हणून त्यांनी घेतलेली ही एकमेव वस्तू. आप्पांनी तेव्हा जुन्या मोडीच्या हारातून सोडवलेले, नुकते धुतलेले चार पाचू पुढे टाकले होते. तीन जास्त स्वच्छ होते. चौथ्यात फांदी होती, दोन फाट्यांची. वॉर्डच्या खिडकीतून त्यांना अशीच एक फांदी दिसायची. रात्रपाळी संपत आली की आधी तीच उजळायची. म्हणून त्यांनी तोच निवडला. आठवड्याने अंगठी तयार होऊन आली तेव्हा खडा नितळ हिरवागार होता. फांदी नव्हती.

"तेव्हा विचारलं का नाही?" आप्पा म्हणाले.

"काय विचारणार? अधिक चांगला दगड का दिलात म्हणून?" नर्सबाई हसल्या, पण लगेच थांबल्या. "मला इतकी वर्षं वाटत होतं आप्पा, की तुम्ही दगड बदललात."

आप्पांनी काळा चष्मा काढला. पाणावलेले, विस्फारलेले डोळे त्यांनी नर्सबाईंच्या दिशेने केले, थोडे चुकीच्या जागी.

"आणि तरी येत राहिलात?"

"माझे मोती दुसरं कोण ओवणार?" त्या म्हणाल्या. "आणि दुसरीकडे गेले असते, तर खरंच बदलला असं ठरून गेलं असतं. येत राहिले, म्हणजे तेवढी शंकाच राहिली."

आप्पांनी तेलाचं आपण सांगायला हवं होतं, असं म्हटलं. दोनदा म्हटलं. इस्त्रीच्या शर्टाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. नर्सबाईंनी हाताने ते झटकून टाकलं आणि अंगठी बोटात घालून पुन्हा उजेडात धरली. एवढ्या वर्षांनी हरवलेलं माणूस दारात उभं असावं आणि ते तेवढंच तरुण असावं, तशा त्या बघत होत्या. धाकटीला यंत्राचं बटण दाबल्याबद्दल त्यांनी शाबासकी दिली. थोरली म्हणाली, तिला डोक्यावर चढवू नका, निळ्या ट्रेमध्ये मी ठेवली होती.

पुढे काय करायचं, हा प्रश्न आप्पांनीच काढला. तेल भरलं तर फांदी जाईल. नाही भरलं तर राहील, फक्त बोटात जरा जपून वापरावी लागेल, साबण आणि अत्तर तिच्यापासून लांब. नर्सबाई लगेच म्हणाल्या, राहू द्या. मग अंगठी बोटात फिरवू लागल्या. मुलीने लहानपणापासून हा खडा नितळच पाहिला होता. आजारी असली की आईचं बोट दिव्यासमोर धरून ती त्यातून खोली हिरवी करून बघायची. तिला ते हिरवं न्यायचं होतं. फांदी तिला ठाऊकच नव्हती.

"अंगठी आता तिची आहे," नर्सबाई म्हणाल्या. "तिला विचारून फोन करते."

अंगठी त्यांनी ट्रेमध्ये ठेवली. जाताना दारात थांबून मागे वळून पाहिलं, आप्पांकडे नाही, ट्रेकडे.

दुपारी आप्पांनी धाकटीला तेल वाटीत काढून कोमट ठेवायला सांगितलं. किती कोमट, ते बोट बुडवून ओळखायला शिकवलं. अंगठी मात्र आत सोडायची नाही, फोन आल्याशिवाय. मग ते म्हणाले, उद्या माझे डोळे ताळ्यावर आले की चिमटा घेऊन माझ्या शेजारी बस. आज तू काय बघितलंस ते मला दिसलं. थोरली खिडकीशी बसल्या बसल्या म्हणाली, म्हणजे मोती पुसायला आता मीच. धाकटी हसली आणि तिला चहा करून दिला.

संध्याकाळी शटर अर्धं खाली ओढलं तेव्हा तेल कोमट होतं, अंगठी पांढऱ्या ट्रेमध्ये वाटीच्या शेजारी होती, आणि फोन आलेला नव्हता.