बिनकामाची पिन

मित्रांनो, मी एक जुना काळा प्लग आहे. माझ्या जातीला तीन पिना असतात, मला दोनच उरल्या आहेत. त्या तिसरीची गोष्ट सांगतो. दमलो आहे, पण सांगतो.

आर्णीजवळच्या तांड्यावर धरमसिंगांच्या पत्र्याच्या कूलरला मी जोडलेला होतो. माझी अर्थिंगची पिन सगळ्यांत जाड आणि लांब. बोर्डात ती आधी शिरायची, निघताना शेवटी निघायची. चुकून वीज पत्र्यात उतरली, तर तिला जमिनीत नेऊन सोडायचं, एवढंच तिचं काम. एरवी ती गप्प. आणि गप्प बसणाऱ्याची किंमत कोणाला असते?

धरमसिंगांची राखी बाळंतपणाला माहेरी आली. ऊन मी म्हणत होतं. कूलर तिच्या खोलीत हलवला, पण तिथल्या बोर्डाला दोनच भोकं. तिचा भाऊ भारत पक्कड घेऊन बसला.

"हे जाडी पिन कायले पायजे? हिच्याबिगर बी पंखा फिरते!"

पिन तुटली, पंखा फिरला. घर खूश झालं, मला मात्र धास्ती बसली.

पुढे पत्र्याला हात लागला की मुंग्या येऊ लागल्या. त्यावर राखीच्या आईने, सुखीबाईने तोडगा काढला. कूलरपाशी रबरी चप्पल ठेवली.

"चप्पल घाल वं, मंग हात लाव," ती लेकीला बजावायची. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

एका दुपारी राखी न्हाऊन ओल्या पायांनी आली आणि वारा अंगावर घ्यायला तिने कूलर दोन्ही हातांनी वळवला. हात सुटेना, आवाज फुटेना. सुखीबाई धावली.

"याडी, थांब! तिले हात नको लावू!" भारत आईवर ओरडला आणि त्याने बटन बंद केलं.

राखी कोसळली. तिला दवाखान्यात नेलं. संध्याकाळी निरोप आला, राखी शुद्धीवर आली, पोटातलं बाळ हलतंय. त्या वेळी मला रडता आलं असतं तर मी रडलो असतो.

भारतने कूलरला नवा प्लग आणला, नवा बोर्ड बसवला, अर्थिंग करून घेतलं. मला मात्र फेकलं नाही, पत्र्याच्या डब्यात टाकलं. आता बाळ झालंय. त्याच्या अंघोळीचं पाणी तापवायला रॉड आलाय, त्याला प्लग नाही. पाणी तापलं का, ते सुखीबाई बोट बुडवून पाहते.

"हाय ना जुना एक. चालते तो!" भारत म्हणतोय. डब्याचं झाकण उघडलंय.

मित्रांनो, मला ओरडता येत नाही. तुमच्या घरी असा दोन पिनांवर उरलेला कोणी असेल, तर त्याची दया करू नका, फेकून द्या. आणि कोणीतरी धावा रे, भारतचा हात धरा.