तीन तळव्यांचे टेबल

मित्रांनो, मी एक जुने गोल टेबल आहे. सरकारी कोठारात मोडक्या पंख्यांचे ओझे अंगावर घेऊन मी दिवस काढत आहे. माझा एक पाय वाळवीने पोखरला आहे. पण एके काळी अख्खे सरकार माझ्याभोवती बसत असे.

माझा जन्म भांडणातून झाला. एकट्याने सरकार चालवता येईल इतक्या जागा त्या निवडणुकीत कोणालाच मिळाल्या नाहीत, म्हणून तीन पक्ष एकत्र आले. पहिल्याच बैठकीत, लांब टेबलाच्या टोकाला कोणी बसायचे यावरून ते हमरीतुमरीवर आले. मग सुताराला बोलावणे गेले. त्याने मला घडवले, अंगावरचा भुसा झटकला आणि म्हणाला, "घ्या. आता शोधा टोक."

शेठजी व्यापाऱ्यांच्या पक्षाचे आणि सरकारचे प्रमुख. कर कमी घ्यावेत, कामे कंपन्यांवर सोपवावीत, असे त्यांचे म्हणणे. दादा कामगारांच्या पक्षाचे. दवाखाने, शाळा, पाणी हे सरकारनेच चालवले पाहिजे, यावर ते अडून बसत. ताईंचा पक्ष इवलासा, धरणाखालच्या खोऱ्यापुरता. "आमच्या खोऱ्याला काय?" एवढेच त्या विचारत. पण त्या उठून गेल्या असत्या तर सरकार कोसळले असते, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन होते.

तिघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता. कागदावरची सही मागाहून नाकारता येते, चारचौघांत ठेवलेला हात नाकारता येत नाही, असे त्यांना वाटे. म्हणून त्यांनी रिवाज पाडला: निर्णय झाला की तिघांनी माझ्यावर तळवा ठेवायचा. एक जरी हात मांडीवर राहिला, तरी निर्णय बारगळला.

सुरुवातीची वर्षे बरी गेली. औषधे सर्वांना फुकट द्या, असा हट्ट दादांनी धरला. पैसा कुठून आणायचा, हे शेठजींनी विचारले. औषधांची गाडी शेवटच्या वस्तीपर्यंत पोचणार का, हे ताईंनी विचारले. तिघांनी एकमेकांचे डोके खाल्ले, पण त्या डोकेफोडीतून निघालेली योजना खरोखर चालली. लोकांनी तोंड भरून कौतुक केले. शिपाई मला रोज तेलाचा हात देई आणि मी ऐटीत चकाकत राही.

मग एके दिवशी धरणाच्या इंजिनियरने भिंतीच्या भेगेचे फोटो माझ्यावर मांडले. धरण भरायच्या आत दुरुस्ती झालीच पाहिजे, असे त्याने बजावले. कंपनी की सरकारी माणसे, हा वाद दुपारपर्यंत मिटला. दुरुस्ती हवी, लगेच हवी, यावर तिघेही राजी झाले. शेठजींनी तळवा ठेवला. दादांनी ठेवला. ताईंनी मात्र हात मांडीवरच ठेवला.

दादांकडे असलेले पाण्याचे खाते ताईंना हवे होते. ते मिळेपर्यंत कशावरच हात ठेवणार नाही, असे त्यांनी सांगून टाकले. स्वतःच्याच गावाची भिंत ही किती दिवस अडवेल, असा हिशेब दादांनी केला. शेठजी दोघांनाही न दुखवता गप्प बसले. बैठकांमागून बैठका झाल्या. फोटो माझ्यावरच पडून राहिले. कोणीतरी त्यांच्यावर चहाचा कप ठेवला.

ताईंचा धाकटा भाऊ वेल्डर होता, धरणाखालीच त्याचे दुकान होते. एका सकाळी तो कामाच्या कपड्यांतच आला. खोलीत ताई एकट्याच होत्या.

"ताई, भिंत पाझरतेय," तो म्हणाला. "खातं मागाहून माग. आधी हात ठेव."

"आज फुकट हात ठेवला, तर उद्या आपल्याला कोण विचारणार रे?" ताई म्हणाल्या. "थोडा दम धर."

त्याने एका फोटोवरचा कप उचलून बाजूला ठेवला आणि निघून गेला.

भिंत भर दुपारी फुटली. शाळा भरलेली होती, दुकाने उघडी होती. तिघे माझ्याभोवतीच बसले होते, तेव्हा फोन आला. शेठजींनी तो ऐकला आणि किती तरी वेळ कानाशीच धरून ठेवला. वेल्डरचे दुकान कुठे होते, हेसुद्धा नंतर कोणाला ओळखता आले नाही.

पुढच्या बैठकीत दादांनी मान खाली घालून सांगितले, "खातं तुमचं. घ्या." ताईंनी माझ्यावर डोके टेकले आणि त्या ओक्साबोक्शी रडल्या. मला हात असते, तर मी त्यांना जवळ घेतले असते. त्यांच्यावर रागही तितकाच आला होता.

सरकार पडले. नव्या निवडणुकीत एकाच पक्षाला सगळे मिळाले आणि माझी रवानगी इथे झाली. नव्या खोलीत लांब टेबल आहे. टोकाला बसलेला माणूस बोलतो, बाकीचे माना डोलावतात. कोठारात सामान ठेवायला येणारी माणसे म्हणतात, बरे झाले, तिघांच्या भांडणाने गाव बुडवले, एकाचेच राज्य चांगले.

हे ऐकून माझा जीव तुटतो. मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, निरनिराळ्या मतांच्या माणसांबरोबर बसाल. खुशाल भांडा, एकमेकांना सतरा प्रश्न विचारा. पण योग्य आहे हे पटल्यावर आपल्या होकाराची किंमत मागत बसू नका. भांडणाने ते गाव बुडाले नाही. भिंत दुरुस्त करायची, यावर त्या तिघांचे एकमत होते.