चाळीस वर्षांचा हात

"बाळाच्या नाकात तूप कोणी घातलं?"

सौदीतल्या अभा शहराच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तशी मस्तूरा म्हातारी ताठ झाली. "मी! दुसऱ्या कुणाला जमतंय?"

चाळीस वर्षं डोंगरातल्या चार गावांची पोरं तिच्याच मांडीवर निजली होती. मान मागे, हात कोपराखाली दाबलेले, नाकपुड्यांत कोमट तूप. पोर किंचाळलं की तूप खोल उतरतं आणि छाती मोकळी होते, असं ती सगळ्यांना ठासून सांगायची.

"आजी, ते फुप्फुसात उतरलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तिथं तूप पचत नाही, साचतं. मग पोरं गुदमरून मरतात."

नळ्या लावलेल्या बाळाजवळून सून नूफ उठली. "आत्याबाई, माझी पहिली लेक गेली, तेव्हा माझं दूध पातळ म्हणालात. गावभर." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "हिला घरी सोडून ये. माझ्या लेकराजवळ नको."

मुलाने आईला घरी आणून सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शेजारची फिद्दा वीस दिवसांची लेक आणि वाटीत तूप घेऊन दारात हजर. "आजी, पोर नुसती घरघरतेय. घाल बाई दोन थेंब."

"नको गं. यानं पोरं मरतात. डॉक्टरीण म्हणाली."

"तिला काय कळतंय! माझ्या मुशब्बबला तू दिवसातून तीनदा घालायचीस, शेवटच्या दिवशीसुद्धा. तो नाही राहिला, अल्लाची मर्जी. पण तुझे उपकार मी विसरलेय होय?"

म्हातारीने दोन्ही हात तिच्यापुढे धरले. "मीच मारलं गं त्याला, फिद्दा. या हातांनी."

"काहीतरीच! सुनेनं कान भरलेले दिसतायत तुझे. राहू दे, मी घालते. बघूनबघून शिकलेय की तुझ्याकडून."

फिद्दाने पोरीला मांडीवर घेतलं, मान मागे केली, दोन्ही हात कोपराखाली दाबले. अगदी मस्तूरासारखे. म्हातारीने झडप घालून वाटी उलथवली. चटईभर तूप पसरलं.

"अगं अगं, केवढं तूप सांडलंस!" फिद्दा लालबुंद झाली. पण म्हातारीचा चेहरा पाहून तिला कीव आली. "असू दे. तू पड जरा. घरी बुधलाभर आहे."

पोरीला शालीत गुंडाळून ती निघाली. मस्तूराला गुडघ्यांमुळे उठवेना. बसल्या जागेवरून ती हाका मारत राहिली, आणि खालच्या वळणावरून फिद्दाने न थांबता नुसता हात हलवला.