कुंपणाबाहेरची रानमोहरी

औषध मारूनही रानमोहरी मरत नव्हती, आणि सगळ्यांचं बोट एकाच माणसाकडे होतं: तिच्या नवऱ्याकडे.

बियाणे केंद्रात दोघंही कामाला. ती प्रयोगशाळेत पानं तपासायची, तो पाठीवर पंप अडकवून फवारणी करायचा. कुंपणाच्या आत जनुक बदललेली मोहरी. तणनाशक पडलं तरी ती ढिम्म हलत नसे. बाहेर ओढ्याकाठी तिचीच रानटी चुलतबहीण उगवायची. दोघींचा संकर व्हायला नको, म्हणून रानमोहरी फुलण्याआधी मारायची, हे नवऱ्याचं काम.

"दोनदा फवारलं म्हणतोस आणि झाडं मला बघून डोलतायत," साहेब सगळ्यांदेखत म्हणाले होते. "पंपात पाणी भरतोस, औषध बाहेर विकतोस. तिसऱ्या फवारणीनंतर एक जरी झाड उभं दिसलं, तर तू घरी."

घरी तरी कसला! राहती खोली केंद्राची, तीन वर्षांची लेक जायची ते पाळणाघरही केंद्राचंच.

चारचौघांत तिने नवऱ्याची बाजू घेतली, चांगली ठणकावून. पण आतून तिलाच वाटायला लागलं, कुठेतरी पाणी मुरतंय. धाकट्या दिराच्या मळ्यात यंदा तण औषधालाही सापडत नव्हतं. नवरा रोज कामावरून आधी तिकडे जायचा. आणि दिवसभर फवारणी करणाऱ्या माणसाच्या शर्टाला औषधाचा वास कसा नाही? तिने दोरीवरचा शर्ट काढून हुंगला. नुसता साबण.

"अगं, किती हुंगशील?" सासूबाई दारातून म्हणाल्या. "दुसरी बाई शोधतेस होय? एक सांभाळताना त्याच्या नाकी नऊ आलेत."

"डाग बघत होते," ती म्हणाली.

तिसऱ्या फवारणीच्या दिवशी तिने अर्धी रजा टाकली आणि पंपघराच्या भिंतीआड जाऊन उभी राहिली. नवऱ्याने डब्याचं सील तोडलं. मापाने औषध घेतलं, डोळ्यांजवळ धरून पुन्हा पाहिलं, पंपात ओतलं. मग एकेका झुडपापुढे वाकून, पानाखालीसुद्धा नळी घालून त्याने अख्खा काठ भिजवला. रिकामा डबा त्याने कोठीत जमा केला आणि तो मळ्याकडे निघाला. ती मागे. तिथे दीर खुरप्याने तण काढत होता. त्याच्या नळाखाली बसून नवऱ्याने केस, कान, कोपरं घासघासून धुतली, शर्टालाही साबण लावला.

तेव्हा तिला आठवलं. लेक झाली तेव्हा तिनेच दरडावलं होतं, "औषधाच्या अंगाने पोरीला घ्यायचं नाही." ती विसरली होती. तो विसरला नव्हता.

आठ दिवसांनी ओढ्याकाठचं गवत करपून पिवळं पडलं, आणि त्यात रानमोहरी तेवढी हिरवीगार, कळ्या घेऊन उभी. बघता बघता तिच्या लक्षात आलं. फवारणीने मरत होते ते हिचे शेजारीपाजारी. हिला आयती जागा मोकळी होत होती.

तिने एक पान तोडलं, प्रयोगशाळेत द्रावात चुरडलं, त्यात तपासणीची पट्टी बुडवली. एक रेघ उमटली म्हणजे तपासणी नीट झाली. दुसरी उमटली तर पानात बदललेलं जनुक आहे. दोन उमटल्या.

साहेबांनी पट्टी पाहिली न पाहिली आणि टोपलीत टाकली. "तुझ्या हातालाच इथल्या पिकाचा चुरा असणार. नवऱ्यासाठी बायका काय काय करतात, मला ठाऊक आहे. जा, झाडं आजच्या आज उपटायला सांग. जाळून टाका. मग त्याच्या नोकरीचं बघू."

आजच्या आज? जाळून? पुरावाच उरला नसता. संशय घ्यायचाच होता, तर या माणसाचा घ्यायला हवा होता.

"मग तुम्ही तोडा पान," ती म्हणाली.

साहेब उठले नाहीत. तिने दारावरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याला पाठवलं. त्याने मातीसकट अख्खं झाड उपटून आणलं आणि साहेबांच्या कागदांवर ठेवलं. तोवर नवराही येऊन दाराशी उभा राहिला. तिने हात धुतले, नवे हातमोजे घातले, पट्टीचं बंद पाकीट पहारेकऱ्याकडून फोडून घेतलं.

"पोरी, माझ्या लग्नालासुद्धा एवढे साक्षीदार नव्हते," म्हातारा म्हणाला. तिने पान द्रावात चुरडून पट्टी बुडवली. पाच मिनिटं सगळे त्या पट्टीकडे बघत राहिले.

"दोन!" पहारेकरीच ओरडला.

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे मागच्याच हंगामात परागकण बाहेर गेलेत. वर कळवावं लागणार."

"फवारणी नीट झाली होती, हे आधी लिहा," ती म्हणाली. ते लिहून त्यांनी सही करेपर्यंत ती टेबलापासून हलली नाही.

बाहेर आल्यावर नवरा किती दिवसांनी मोकळा हसला. "सगळे मला चोर म्हणत होते. तू एकटीच..."

गप्प बसता आलं असतं. "मीसुद्धा," ती म्हणाली. "तिसऱ्या फवारणीला मी तुमच्या मागून आले होते. मळ्यापर्यंत."

तो चालता चालता थांबला. "म्हणजे पंपात काय भरलं ते बघितलंस."

"बघितलं."

"आणि नसतंस बघितलं तर?"

तो वळून लेकीला आणायला एकटाच पाळणाघराकडे गेला.