भिंगरीच्या गुडघ्यावरचा पट्टा

मी एक जुना गुडघ्याचा पट्टा आहे. औषधाच्या दुकानात मला नी-कॅप म्हणतात. मित्रांनो, स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही. कितीही नीट चढवा, जरा वेळाने मी घसरतो, वरची कड गुंडाळून घेतो आणि पायाला खाज आणतो. आज मात्र गोष्ट पुरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

रबराचे धागे आणि सूत एकत्र विणणाऱ्या यंत्रातून आम्ही एका लांबलचक नळीसारखे बाहेर आलो. मग कात्रीने एकेकाला सुटं केलं आणि खोक्यात भरलं. खोक्यावर धावणाऱ्या, हसऱ्या माणसाचं चित्र होतं. त्या चित्रामुळे मला उगाचच वाटायला लागलं की मी अर्धा डॉक्टर आहे.

मला विकत घेतलं लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या एका आईने. दिवसभर उभं राहून तिचा गुडघा ठणकायचा. दुखणं अंगावर काढायची तिला सवयच होती. दोन वर्षं मी तिच्या पायावर वाफेत आणि घामात काढली. संध्याकाळी तिचा गुडघा सुजून गरम व्हायचा आणि माझे टाके ताणले जायचे.

मग तिच्या मुलीचा पाय दुखू लागला. मुलगी बारा वर्षांची, शाळेच्या फुटबॉल संघातली. घरात एका जागी ठरत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. सरावाहून आली की ती गुडघा धरून बसायची. आईने मला धुतलं, वाळवलं आणि तिच्या पायावर चढवलं. पुढच्याच सामन्यात भिंगरीने गोल केला. संघाचे सर हसून म्हणाले, "पट्टा लाभला गं तुला!" त्या दिवशी मी जो फुगलो, तो खोक्यातसुद्धा मावलो नसतो.

पण मला चैन नव्हती. भिंगरीचा गुडघा थंड होता. सूज नाही, काही नाही. माझ्याखाली काहीच बिघडलेलं नव्हतं, तरी ती कळवळत होती. शिवाय तिचं पाऊल हल्ली बाहेरच्या बाजूला वळायचं आणि माझी वीण त्याबरोबर फिरायची. मला ओरडून सांगावंसं वाटायचं. पट्ट्याला तोंड नसतं, म्हणून मी नुसता घसरत राहिलो. भिंगरी मला वर ओढायची आणि पुन्हा धावायची.

बस चालवणारे बाबा तिला एका मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डेपोतल्या तिघांच्या सासऱ्यांचे गुडघे त्यांनी बदलले होते. बाहेर काठ्या टेकवून म्हातारी माणसं बसली होती. तीन तास रांग, पाच मिनिटं तपासणी, गुडघ्याचा एक्स-रे. "गुडघा ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले. "पट्टा चालू ठेवा, दहा दिवस विश्रांती." ते खोटं बोलले नाहीत, गुडघा खरोखरच ठणठणीत होता. बाबांचा जीव भांड्यात पडला. भिंगरीने मात्र पट्टा तेवढा ऐकला आणि विश्रांतीकडे कानाडोळा केला, कारण मंगळवारी निवडीचा सामना होता.

रविवारी सकाळी ती अंघोळ करून बाहेर आली. फरशीवर ओली पावलं उमटली. एक पाऊल सरळ होतं आणि दुसरं दाराकडे तोंड फिरवून बसलेलं. आई हातात कपडे घेऊन ती पावलं सुकेपर्यंत बघत राहिली. मग ती तशीच गल्लीतल्या जुन्या डॉक्टरांकडे गेली. ते म्हणाले, "मोठे कोण, हे विचारू नका. मुलांच्या हाडांचे डॉक्टर कोण, ते विचारा. वाढत्या हाडांचं सगळं निराळं असतं." आणि त्यांनी चिठ्ठी लिहून दिली.

"पुन्हा नवा डॉक्टर? एवढ्या मोठ्या माणसाने बघितलंय की!" बाबा वैतागले.

"त्यांनी गुडघा बघितला," आई म्हणाली. "पोरीला चालताना कुणी बघितलं?"

"आई, मंगळवार तरी होऊ दे ना गं," भिंगरी रडकुंडीला आली.

"नाही. उद्याच."

मुलांच्या हाडांच्या डॉक्टरीणबाई दारातच म्हणाल्या, "पट्टा काढ बाळ, आणि त्या भिंतीपर्यंत चालून दाखव." मला खुर्चीवर टाकलं. मला फार अपमान वाटला. त्यांनी भिंगरीला झोपवून तिचा पाय पोटाकडे वाकवला, तशी मांडी आपोआप बाहेर वळली. मग दोन्ही खुब्यांचा एक्स-रे झाला.

"दुखतं गुडघ्यात, पण बिघाड खुब्यात आहे," त्या म्हणाल्या. "मांडीच्या हाडाचं टोक जागचं सरकतंय. आता पाऊल टेकायचं नाही. अजून एक सामना झाला असता तर..." त्यांनी चाकाची खुर्ची मागवली. आईने मला मुठीत घट्ट पिळलं. मित्रांनो, मला माझीच लाज वाटली. माझ्यावर विसंबून सगळ्यांनी किती दिवस घालवले!

मंगळवारी मैदानावर शिट्टी वाजली, तेव्हा भिंगरी शस्त्रक्रियेनंतर खुब्यात स्क्रू घेऊन पलंगावर रडत होती. पुढे कित्येक महिने कुबड्या होत्या. मी खणात पडून होतो.

गेल्या आठवड्यात तिला धावायची परवानगी मिळाली. त्याच संध्याकाळी आई लंगडत घरी आली, तिने खण उघडला आणि मला आपल्या गुडघ्यावर चढवलं. तिचा गुडघा तसाच सुजलेला आणि गरम होता. भिंगरी समोर येऊन उभी राहिली.

"आई, तू तुझा गुडघा कुठल्या डॉक्टरांना दाखवलास?"

आई माझी कड सारखी करू लागली. इतक्या वर्षांत तिने कुणालाच दाखवला नव्हता.

मित्रांनो, दुखऱ्या जागी मला जरूर बांधा, पण माझ्यावर भागवू नका. दुखणाऱ्या माणसाला नीट चालताना बघा आणि त्याच्या दुखण्याचा जाणकार शोधा.

भिंगरी खाली बसली. तिने माझी कड धरली आणि म्हणाली, "पट्टा काढ. आता तू चालून दाखव."