पहिल्या घरातले काडतूस

पाणी गळत होते, आणि त्याखेरीज घळीत दुसरा आवाज उरला नव्हता.

दुधाच्या प्लास्टिक कॅनला मधोमध भोक पडले होते. त्यातून निघालेली बारीक धार खालच्या वाळक्या पानांवर पडत होती. गोळीच्या बाराचा आवाज समोरच्या डोंगराने एकदा परत पाठवला, मग डोंगरही गप्प झाला. हॉलिसकाका रिव्हॉल्व्हरची नळी जमिनीकडे करून उभे होते. कॅनकडे बघावे लागू नये म्हणून ते हातातल्या हत्याराकडे बघत होते. घरचे कुत्रे चावल्यावर माणूस त्याच्याकडे बघतो, तसे. आईने तो कॅन ज्या खोक्यावर ठेवला होता, त्याची उंची माझ्या मुलीच्या, डेलाच्या पाळण्याएवढी होती. हे आम्हा तिघांनाही माहीत होते, म्हणूनच कोणी बोलत नव्हते.

आमचे घर ट्रकवर दोन अर्ध्या तुकड्यांत आले आणि या उतारावर जोडले गेले. वडील त्याला थट्टेने महाल म्हणत. आतल्या भिंती म्हणजे जिप्समची बोटभर जाडीची फळी. तिच्याआड कोणी कूस बदलली तरी इकडे कळते. न्हाणीघराची दुरुस्ती करताना उरलेल्या दोन फळ्या आईने घराखालून ओढून काढल्या होत्या आणि कुंपणाच्या खांबांना एकीमागे एक बांधल्या होत्या. दिवाणखान्याची भिंत, मग माझ्या खोलीची भिंत, मग पाळणा. दुपारच्या उन्हात, सॉरवुड झाडांच्या लाल पानांमध्ये, आमचे घर असे सोलून उभे केलेले बघताना मला थंडी वाजत होती.

"चक्राच्या पहिल्या घरात सापाचंच काडतूस होतं," शेवटी काका म्हणाले. "मी स्वतः भरलं. वहिनी, तुम्ही बघितलंत."

"बघितलं," आई म्हणाली. "आणि आता कॅनही बघतेय."

सापाचे काडतूस म्हणजे बारीक छर्र्यांचे. आमच्याकडे तांबड्या डोक्याचे विषारी साप फार, म्हणून बागेत जाताना पुरुष रिव्हॉल्व्हरच्या पहिल्या घरात एक छर्र्यांचे घालतात आणि मागे भरीव गोळ्या. वडिलांची ती सवय होती, त्यांच्याकडून काकांनी घेतली. काकांचे म्हणणे साधे होते. माणसालाही आधी छर्रे मारायचे. छर्रे भिंतीपलीकडे जात नाहीत, बाळ सुरक्षित राहते, आणि येणारा भाजल्यासारखा ओरडत पळून जातो. पण पहिल्याच चापाला छर्रे आले नव्हते. भरीव गोळी आली होती, आणि ती दोन्ही भिंती ओलांडून पाळण्यापर्यंत पोचली होती.

आईने त्यांच्या हातून रिव्हॉल्व्हर घेतले, चक्र बाहेर काढले आणि काडतुसे तळहातावर ओतली. मग रिकामे चक्र मिटवून चाप सावकाश, पुन्हा पुन्हा ओढला. आम्ही तिघेही ते फिरताना बघत राहिलो.

"डावीकडे फिरतंय," मी म्हणाले.

काकांचा चेहरा उतरला. वडिलांचे जुने रिव्हॉल्व्हर उजवीकडे फिरायचे. ते त्यांच्या आजारपणात विकले गेले. हे आईने नंतर, वापरलेले, दुसऱ्या घडणीचे घेतले होते. काकांनी उभ्या आयुष्याच्या सवयीने छर्रे डाव्या बाजूच्या घरात बसवले होते. या चक्रात ते घर पुढे येत नव्हते, मागे जात होते. त्यांनी ज्याला पहिले घर मानले, ते जवळजवळ शेवटचे होते.

"आर्विलचं तसं नव्हतं," ते माझ्या वडिलांचे नाव घेऊन पुटपुटले.

"आर्विल गेलाय भाऊजी. त्याचं रिव्हॉल्व्हरही गेलंय. इथं मी आहे आणि हे आहे."

"चूक झाली. चूक कोणाकडून होत नाही?"

"दुपारी झाली म्हणून कॅन फुटला."

गेल्या आठवड्यात आम्ही चर्चला गेलो असताना कोल्बीने, माझ्या नवऱ्याने, पोर्चच्या दाराची जाळी वरपासून खालपर्यंत चिरली होती. आत आला नव्हता. काही नेले नव्हते. नुसती चिरून ठेवली होती, वाऱ्यावर हलत राहावी म्हणून. कोर्टाचा मनाई हुकूम माझ्याकडे आहे, पण शेरीफची गाडी डोंगराला वळसा घालून येते, आणि कोल्बीला घळीच्या तोंडापर्यंतची जवळची वाट ठाऊक आहे. दुसऱ्याच दिवशी आई गावातल्या बंदुकीच्या दुकानात गेली. काउंटरवर टेकलेल्या पुरुषांनी तिला भोवती घेतले. कुठली गोळी माणसाला जागीच बसवते, कुठल्या गोळीने कोणाचे अस्वल पडले, यावर त्यांचे भांडणच लागले. दुकानदाराने बाईमाणसासाठी म्हणून गुलाबी खोका पुढे केला. आईने विचारले, "रंग बघून थांबतो का माणूस?" सगळे हसले. पण भिंतीच्या पलीकडे कोण झोपते, हे त्यांच्यातल्या एकानेही विचारले नाही. म्हणून ती तीन प्रकारची काडतुसे घेऊन आली आणि म्हणाली, आपणच बघू.

"बरं, आता नीट भरतो," काका म्हणाले. "छर्रे एकदा बघा तरी."

"बघू ना. थांबा."

आई घरात गेली आणि कोल्बीचा जाड कॅनव्हासचा कोट घेऊन आली. तो त्याने मागच्या हिवाळ्यात आमच्याकडे विसरला होता. त्याच्या दोन गुंड्या मी शिवलेल्या होत्या, निळ्या दोऱ्याने, कारण तपकिरी दोरा संपला होता. आईने बादलीत भिजवलेली वर्तमानपत्रे त्यात ठासून भरली आणि कोट पहिल्या फळीपुढे खांबाला टांगला. ओल्या कागदाने तो जड झाला, त्याला खांदे आले. क्षणभर मी मागे सरकले. मग मला स्वतःचाच राग आला आणि जितकी मागे सरकले होते त्याहून थोडी जास्त पुढे आले.

काकांनी या वेळी उजवीकडच्या घरात छर्रे घातले. आमच्या दिवाणखान्यात दारापासून सोफ्यापर्यंत जितके अंतर आहे, तितक्यावरून त्यांनी बार टाकला. कोट जरासा हलला. आईने जाऊन गुंड्या सोडल्या. कॅनव्हासवर तीळ सांडावेत तशी बारीक भोके पडली होती, आणि आतल्या कागदाच्या पहिल्या थरांतच छर्रे अडकून बसले होते.

"झालं की!" काका म्हणाले. "भिंतीला खरचटलंही नाही."

"त्यालाही नाही खरचटलं."

"अहो, दुखेल की त्याला! पळेल!"

"तुम्ही ओळखता ना त्याला? मासे धरायला घेऊन जाता. दुखल्यावर पळणाऱ्यातला आहे तो?"

काका कोटाकडे बघू लागले. मी बोलू शकले असते. कोल्बीचे दुखणे कुठे जाते, हे माझ्या डाव्या मनगटाला हवा बदलली की आठवते. पण मी बोलण्याऐवजी आईच्या हातातून रिव्हॉल्व्हर घेतले.

"रोवेना," काका म्हणाले, "तू राहू दे, पोरी."

"का?"

"तुझा नवरा आहे तो."

"हा कोट आहे, काका."

तिसरे काडतूस पोकळ तोंडाच्या गोळीचे होते. टोकाला वाटीसारखा खळगा, फार नाजूक, एखाद्या न उमललेल्या फुलाचा असतो तसा. आणि त्या नाजूकपणाचा हेतू कळल्यावर अंगावर काटा येतो. ओल्यात शिरली की ती गोळी पसरते आणि आतच थांबते. मी ती उजवीकडच्या घरात बसवली, चक्र मिटवले, दोन्ही हातांनी धरले. निळ्या दोऱ्याच्या गुंडीवर नेम धरला. मग चाप ओढला.

कोट मागे झुकला आणि परत आला. कागदाच्या अगदी शेवटच्या थरांत गोळी सापडली, पाकळ्या उलगडलेली, अजून गरम. फळीवर भोक नव्हते.

"हीच," मी म्हणाले.

"थांब," आई म्हणाली. "आता चुकव."

"काय?"

"नेम चुकव. तू झोपेतून उठली आहेस, पोर रडतेय, तो दार फोडून आलाय. तुला काय वाटतं, गुंडीवरच बसेल? चुकव, आणि मग मला सांग, हीच का ती."

मी तशीच दुसरी गोळी भरून कोटाच्या बाजूला, नुसत्या फळीवर घातली. पोकळ तोंडाची ती शहाणी गोळी पहिल्या फळीतून गेली, दुसऱ्या फळीतून गेली, आणि कॅनमध्ये उरलेसुरले पाणी होते तेही तिने मोकळे केले. खळग्यात जिप्समची पांढरी भुकटी भरली असेल. फुलायचे ती विसरली असेल. सगळ्या खोक्यांवर मोठ्या अक्षरांत जे छापलेले असते, ते आमच्या घरासाठी छापलेलेच नव्हते. माणसाला थांबवील अशी प्रत्येक गोळी आमच्या भिंतीला ओलांडून जाणार होती, आणि भिंतीशी थांबेल ती त्याला थांबवणार नव्हती.  

"म्हणजे काहीच उपयोगाचं नाही," मी म्हणाले.

"आता तरी ऐका," काका पुढे आले. त्यांचा आवाज खरोखर मऊ झाला होता. "वहिनी, माझं घर विटांचं आहे. वरची खोली रिकामी आहे, डेला तर आत्ताही तिथंच, माझ्या नेटीच्या मांडीवर आहे. तिघी खाली या. थोडे दिवस. तोवर मी त्याच्याशी बोलतो. पोरगा तापट आहे, पण मुळात वाईट नाही. त्याला फक्त बोलायचंय."

"जाळी बोलण्यासाठी फाडली?"

"रागाच्या भरात..."

"आणि आम्ही खाली आलो की त्याला काय कळेल? चिरलेल्या जाळीने तीन बायका घराबाहेर निघतात, एवढंच ना? मग तुमच्या दाराची जाळी."

"हट्ट आहे हा नुसता!"

"हो, हट्टच आहे," आई म्हणाली. "या घराची अर्धी भिंत मी आणि आर्विलने पावसात धरून ठेवली होती, बोल्ट बसेपर्यंत. ही पोर आपल्या पायाने चालत या घरी परत आली. आता ती इथून उठणार नाही. उठायचं असेल तर त्याने उठावं. जिल्ह्यातून उठावं."

मग ती माझ्याकडे वळली. "उपयोगाचं नाही कसं? गोळी निवडली, पोकळ तोंडाची. लागली तर आत राहील. चुकली तर कुठे जावी, ते गोळी नाही ठरवत. ते आपण ठरवायचं." तिने पायाने पानांवर रेघ ओढली. "हे दार. हा सोफा. तू सोफ्याकडून मारलीस तर मागे तुझीच खोली. पण स्वयंपाकघरात, फ्रिजच्या कोपऱ्यात उभी राहिलीस तर दाराच्या मागे काय आहे?"

मी डोळे मिटून घर फिरून आले. "पोर्च. आणि दरड."

"दरड. निव्वळ माती. ती कितीही गोळ्या खाईल. पाळणा आजपासून माझ्या खोलीत, फ्रिजच्या मागच्या बाजूला. रोज चुलीपाशी उभी राहतेस ना, बीन्स ढवळत? तिथूनच."

इतकी साधी गोष्ट होती. दुकानातले सगळे पुरुष गोळीच्या तोंडाबद्दल भांडले होते; आमच्या घराला तोंड कुठल्या बाजूला आहे, हे आईने पायाने मातीवर काढून दाखवले. मला त्या कोपऱ्यात उभी असलेली मी दिसले, आणि पहिल्यांदाच ती बाई दुसऱ्या कोणाच्या तरी घरात लपलेली वाटली नाही.

काकांनी सापाच्या काडतुसांचा खोका उचलला. "तरी पहिल्या घरात एक हे ठेवा," ते म्हणाले. "माझ्यासाठी. एक संधी म्हणून."

"कोणाला संधी?"

"म्हणजे... कोणाचा जीव जाऊ नये."

आईने त्यांच्या हातातल्या खोक्याकडे बघितले. "सकाळपासून मला समजत नव्हतं," ती म्हणाली. "भाऊजी, तुम्ही काडतूस आमच्यासाठी निवडतच नव्हता. त्याच्यासाठी निवडत होता. त्याला झेपेल असं."

काकांचा चेहरा लाल झाला.  मला त्यांचा राग यायला हवा होता. पण त्यांनी कोल्बीला लहानपणी गळ बांधायला शिकवले होते, आणि माणूस असा आपणच शिकवलेला पोरगा कोटासारखा खांबाला टांगू शकत नाही, हेही मला दिसत होते. दिसत होते, आणि तरीही मी रिव्हॉल्व्हर त्यांना परत दिले नाही. चक्राची सगळी घरे एकाच प्रकारच्या काडतुसांनी भरली. डावीकडे फिरो की उजवीकडे, आता पहिले घर कुठले, हा प्रश्नच उरला नव्हता.

"हॉलिस," आई म्हणाली. इतक्या वर्षांत तिने त्यांना नुसत्या नावाने हाक मारलेली मी ऐकली नव्हती. "या घळीत वर यायला एकच रस्ता आहे, आणि तो तुझ्या पोर्चसमोरून येतो. कोल्बी आधी तुझ्या दारात गाडी थांबवेल. काका, फक्त बोलायचंय, म्हणेल. तेव्हा तू आम्हाला फोन करशील, की त्याला कॉफी ओतून देशील?"

काकांनी टोपी डोक्यावर ओढली. खोका स्वतःच्या कोटाच्या खिशात घातला आणि ते पाठ फिरवून रस्ता उतरू लागले. आई हाक मारणार नव्हती, मीही नाही. खिशातली काडतुसे प्रत्येक पावलाला एकमेकांवर आपटत होती, बाळाच्या खुळखुळ्यासारखी, आणि तो आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत आम्ही दोघी उत्तराची वाट बघत उभ्या होतो.