पुट अप विथ

मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि इंदूरच्या अप्पासाहेबांकडे संस्थानी रुबाबातलं फक्त इंग्रजी उरलं. त्यांचे आजोबा होळकरांच्या घोडदळात होते. अप्पासाहेब इंग्रजीवर तशीच मांड ठोकत. घोडं कुठे नेईल याची फिकीर करत नसत. त्यांचा एक सिद्धांत होता: क्रियापदाला अप, डाऊन, विथ अशी शेपटं जितकी जास्त, तितकी भाषा खानदानी.

त्यांची मुलगी कुमुदिनी स्नेहलतागंजातल्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. त्या रविवारी तिला बघायला भोपाळहून मंडळी आली: सचिवालयात बाबू असलेला शरद, त्याचे वडील लक्ष्मीकांत आणि आई द्वारकाबाई. बाकी सगळं जुळत होतं. अडलं होतं एकाच गोष्टीवर. लग्नानंतर सुनेने नोकरी करायची नाही, असं लक्ष्मीकांतांचं म्हणणं. आणि कुमुदिनीला भोपाळलाही शिकवायचंच होतं. शरदचं मत अजून कुणी ऐकलं नव्हतं.

पोह्यांवर शेव पडली. अप्पासाहेब खाकरले. मुलगी शरदकडे सुखाने राहील, एवढंच त्यांना म्हणायचं होतं.

“माय डॉटर विल पुट अप विथ युवर सन!”

कुमुदिनीने चमकून अप्पांकडे पाहिलं. शरदने मान खाली घातली.

“व्हेरी गुड!” लक्ष्मीकांत मागे कशाला राहतील? “वी ऑल्सो विल पुट अप विथ हर!”

“अहो, काय ठरलं? आम्हालाही बताओ ना,” द्वारकाबाई म्हणाल्या.

होऊ घातलेले दोन्ही व्याही छताकडे पाहू लागले. शेवटी अप्पासाहेब म्हणाले, “कुमुद, मास्तरीण तू. सांग.”

“पुट अप विथ म्हणजे सहन करणं,” कुमुदिनी वर्गातल्या आवाजात म्हणाली. “मी यांना सहन करीन, असं अप्पा म्हणाले. तुम्ही सगळे मला सहन कराल, असं काका म्हणाले.”

“लो! म्हणजे दोघंही खरंच बोलले की!” द्वारकाबाईंनी पदर तोंडाला लावला.

लक्ष्मीकांत लाल झाले. “शरद, असा अर्थ होतो का रे?”

“होतो, बाबा.”

“तुम्हाला ठाऊक होतं?” कुमुदिनीने विचारलं.

“हो जी. पण मोठ्यांना बीच में कोण टोकणार?”

“आणि माझ्या नोकरीचं?”

शरदने वडिलांकडे पाहिलं. पाहतच राहिला.

“अप्पा,” कुमुदिनी म्हणाली, “तुमचं वाक्य छान होतं. त्यात फक्त एक ‘नॉट’ घालायचा राहिला.”

याचा अर्थ मात्र लक्ष्मीकांतांना कुणाला विचारावा लागला नाही.